जर्मनीत शिकायला येताय? सेमिस्टर तिकिटाचे पैसे, तारखा आणि खाचखळगे

मुंबईत कॉलेजच्या ऑफिसातून कन्सेशनचा फॉर्म आणायचा, त्यावर सही-शिक्का घ्यायचा आणि स्टेशनच्या खिडकीवर रांग लावायची, अशी सवय असेल तर जर्मनीत सुरुवातीला गोंधळ उडतो. इथे विद्यार्थ्यांच्या पाससाठी खिडकीच नसते. बहुतेक सरकारी विद्यापीठांत प्रवेश पक्का करताना जी सेमिस्टर फी भरावी लागते, जिला पत्रात ‘सेमेस्टरबाइट्राग’ म्हटलेलं असतं, तिच्यातच सहा महिन्यांच्या पासचे पैसे धरलेले असतात. पास हवा की नको, हे कुणी विचारत नाही. सगळे भरतात म्हणूनच तो स्वस्त पडतो. त्यामुळे स्वस्त पास ‘मिळवण्यासाठी’ फारशी खटपट करावी लागत नाही. नवीन मुलांचे पैसे जातात ते तारखा चुकल्यामुळे.

पास कोणता आणि कितीचा

१ मे २०२३ ला जर्मनीत ‘डॉइचलांड-टिकेट’ सुरू झालं. महिन्याला ४९ युरो भरले की देशभरातल्या सगळ्या शहरी आणि प्रादेशिक गाड्यांतून फिरता येत होतं. जानेवारी २०२५ पासून त्याचे ५८ युरो झाले आणि जानेवारी २०२६ पासून ६३. विद्यार्थ्यांसाठी याच तिकिटाची स्वस्त आवृत्ती २०२४ च्या उन्हाळी सेमिस्टरपासून आली. तिचं नाव ‘डॉइचलांड-सेमेस्टरटिकेट’. तिची किंमत मूळ तिकिटाच्या ६० टक्के असते. ६३ चे ६० टक्के म्हणजे महिन्याला ३७.८० युरो आणि सहा महिन्यांचे २२६.८०. तेच तिकीट बाहेरून दरमहा घेतलं तर सहा महिन्यांना ३७८ युरो होतात. म्हणजे एका सेमिस्टरला १५१.२० युरो वाचतात. मूळ तिकिटाचा भाव वाढला की हाही वाढतो. म्हणून जुन्या विद्यार्थ्याने सांगितलेला आकडा धरून चालू नका, विद्यापीठाच्या ताज्या फीपत्रकातला आकडा बघा.

फीपत्रकात साधारण तीन ओळी असतात: ‘श्टुडिअरेंडेनवेर्क’ म्हणजे मेस-हॉस्टेल चालवणाऱ्या संस्थेची वर्गणी, विद्यार्थी समितीची (‘आस्टा’ची) वर्गणी आणि तिकीट. तिकिटाची ओळ नसेल किंवा रक्कम वरच्या हिशोबापेक्षा खूपच कमी असेल, तर तुमच्या विद्यापीठात देशभर चालणारं तिकीट नाही असं समजा. काही ठिकाणी फक्त त्या शहराच्या किंवा त्या भागाच्या परिवहन मंडळाचं तिकीट असतं. अशा मंडळाला ‘फेरबुंड’ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे सारखा भेटेल. अनेक खासगी विद्यापीठांत तर यातलं काहीच नसतं. खासगी विद्यापीठाचा एजंट ‘स्टुडंट ट्रान्सपोर्ट मिळतो’ असं मोघम सांगत असेल, तर सेमिस्टर फीमध्ये कोणतं तिकीट आहे, हे विद्यापीठाला ईमेल करून लेखी विचारा. दोन वर्षांच्या मास्टर्समध्ये हा फरक सहाशे युरोंच्या वर जातो.

भारतातून फी पाठवताना

पास सुरू होतो नावनोंदणी पूर्ण झाल्यावर, आणि नावनोंदणी पूर्ण होते पूर्ण रक्कम खात्यात दिसल्यावर. इथे दोन गोष्टी हमखास चुकतात.

पहिली चूक बँकेच्या शुल्काची. भारतातून युरो पाठवताना मधल्या बँका आपापलं शुल्क कापून घेतात. तुम्ही ३३० युरो पाठवले आणि तिथे ३१२ पोहोचले, तर विद्यापीठाच्या लेखी फी अपुरी आहे. अठरा युरोंसाठी नावनोंदणी अडते आणि तिकीटही अडतं. बँकेच्या फॉर्मवर शुल्क कोण भरणार, असा रकाना असतो. त्यात सगळं शुल्क पाठवणाऱ्याकडे, म्हणजे ‘अवर’ हा पर्याय निवडा. परदेशी विद्यार्थ्यांची फी भरणाऱ्या सेवेमार्फत पैसे पाठवणार असाल, तर पूर्ण रक्कम पोहोचवण्याची हमी आहे का ते पाहून घ्या.

दुसरी चूक ‘फेरवेंडुंग्सत्स्वेक’ची. हा पैसे कशासाठी पाठवले ते लिहायचा रकाना. प्रवेशपत्रात तुमचा अर्ज क्रमांक किंवा विद्यार्थी क्रमांक दिलेला असतो, तो या रकान्यात जसाच्या तसा गेला पाहिजे. पैसे वडिलांच्या खात्यातून जातात, पाठवणाऱ्याचं नाव वेगळं आणि रकान्यात नुसतं ‘फीज’ लिहिलेलं. मग ते पैसे कुणाचे, हे शोधण्यात विद्यापीठाचे आठवडे जातात. पैसे पाठवल्याची बँकेची पावती जपून ठेवा. प्रकरण अडकलं तर तीच ईमेलने पाठवावी लागते.

सप्टेंबरचा खड्डा

विद्यापीठांचं हिवाळी सेमिस्टर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च आणि उन्हाळी १ एप्रिल ते ३० सप्टेंबर. उपयोजित विज्ञान विद्यापीठांत, ज्यांना ‘होखशूले’ म्हणतात, बहुतेक ठिकाणी सगळं एक महिना आधी असतं, म्हणजे १ सप्टेंबर आणि १ मार्च. तिकीट चालतं ते याच तारखांच्या दरम्यान. तुम्ही मात्र खोलीचा ताबा, पत्त्याची नोंदणी, बँक खातं या कामांसाठी सप्टेंबरच्या मध्यालाच येऊन पोहोचता. १ ऑक्टोबरपर्यंतचे दोन-तीन आठवडे तुमच्याकडे पास नसतो, आणि शहरभर पळापळ नेमकी याच दिवसांत करावी लागते.

अशा वेळी ‘तोवर साधं डॉइचलांड-टिकेट घेऊ’ असं सुचतं. घेताना तारीख बघा. हे तिकीट महिन्याचं असलं, तरी ते सुटं मिळत नाही, वर्गणीसारखं चालू राहतं. महिनाअखेर बंद करायचं असेल, तर त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केल्याचं कळवावं लागतं. आता हिशोब करा. २० सप्टेंबरला तिकीट घेतलं, तर सप्टेंबरची १० तारीख उलटून गेलेली आहे. म्हणजे ते ऑक्टोबरअखेरच बंद होणार. सप्टेंबरचे ६३ आणि ऑक्टोबरचे ६३ मिळून १२६ युरो गेले, आणि ऑक्टोबरमध्ये तर तुमच्याकडे सेमिस्टर तिकीट आहेच. बहुतेक कंपन्या महिन्याच्या मध्यात सुरू केलं तरी पूर्ण महिन्याचे पैसे घेतात.

म्हणून सोपा नियम असा. १० सप्टेंबरच्या आत पोहोचत असाल, तर डॉइचलांड-टिकेट घ्या आणि त्याच दिवशी रद्दही करून टाका. महिनाअखेरपर्यंत ते चालतं आणि पुढे आपोआप थांबतं. रद्द केल्याची ईमेल आली की नाही ते पाहा, नुसतं बटण दाबून विसरू नका. १० तारखेनंतर येत असाल, तर त्या नादाला लागू नका. शहराच्या फेरबुंडचं सात दिवसांचं तिकीट (‘वोखेनकार्टे’) किंवा रोजचं तिकीट (‘टागेस्कार्टे’) घ्या. इल्मेनाउ किंवा क्लाउस्टालसारख्या लहान शहरांत बरीच कामं चालतच होतात, तिथे सुटी तिकिटंही पुरतात.

डॉइचलांड-टिकेट घेताना बहुतेक कंपन्या युरोपीय बँक खात्याचा आयबॅन क्रमांक आणि त्यातून पैसे वळते करण्याची परवानगी मागतात. नुकत्याच आलेल्या मुलांचं ब्लॉक खातं (व्हिसासाठी पैसे अडकवून ठेवलेलं खातं) असतं, पण चालू खातं उघडलेलं नसतं. काही शहरी परिवहन कंपन्यांच्या ॲपवर कार्डाने पैसे भरता येतात, तो पर्याय शोधा. खात्यात पुरेसे पैसे नसताना वळतं करायची तारीख आली तर दंडाचं शुल्क लागतं आणि तिकीट गोठवलं जातं. ते गोठवलंय हे मात्र गाडीत तपासनीसाने कोड स्कॅन केल्यावरच कळतं.

या दिवसांत यंत्रातून कागदी तिकीट काढलं, तर त्यावर शिक्का मारायला विसरू नका. अनेक शहरांत प्लॅटफॉर्मवर किंवा बस-ट्रामच्या दाराशी लहानसं यंत्र असतं. तिकीट त्यात घातलं की त्यावर तारीख-वेळ छापली जाते. शिक्का नसेल तर पैसे भरूनही तुम्ही विनातिकीटच ठरता. पहिल्या आठवड्यातला दंड बहुधा याच कारणाने बसतो. यंत्रातून निघतानाच तिकिटावर वेळ छापलेली असेल, तर पुन्हा शिक्का लागत नाही.

विमानतळावरून पहिला प्रवास

फ्रँकफर्ट विमानतळावर दोन स्टेशनं आहेत. ‘फेर्नबानहोफ’वरून लांब पल्ल्याच्या आयसीई सुटतात. ‘रेगिओनालबानहोफ’वरून एस-८ आणि एस-९ या लोकल आणि प्रादेशिक गाड्या सुटतात. पाट्या नीट वाचा, बॅगा घेऊन एकीकडून दुसरीकडे जायला वेळ लागतो. म्युनिकला एस-१ आणि एस-८ या दोन्ही गाड्या शहरात जातात, फक्त शहराच्या वेगवेगळ्या बाजूंनी.

तिघं-चौघं एकत्र उतरत असाल, तर ‘लेंडरटिकेट’ म्हणजे त्या राज्यापुरतं दिवसाचं तिकीट स्वस्त पडतं. आठवड्याच्या कामाच्या दिवशी ते सकाळी नऊच्या आधी चालत नाही, शनिवार-रविवारी ही अट नसते. राज्याची हद्द ओलांडायची असेल, तर ‘क्वेर-डुर्ख्स-लांट-टिकेट’ असतं. तीनशे-चारशे किलोमीटर जायचं असेल आणि बरोबर दोन मोठ्या बॅगा असतील, तर चार ठिकाणी गाडी बदलण्यापेक्षा सरळ आयसीई घ्या. स्वस्तातलं आयसीई तिकीट ठरावीक गाडीपुरतंच चालतं, आणि विमानाला उशीर झाला तर ते वाया जातं. विमान उतरण्याची वेळ आणि गाडी यांत निदान तीन तासांचं अंतर ठेवा.

तिकीट फोनवर घेणं

नावनोंदणी झाली की विद्यापीठाच्या पोर्टलवर तिकिटाची लिंक येते. बऱ्याच विद्यापीठांत ‘राइड’ नावाचं ॲप लागतं, त्यात विद्यापीठाच्या खात्याने लॉगिन करायचं. काही विद्यापीठं चिपचं ओळखपत्र देतात. लॉगिन चालू झालं नाही, तर तिकीटही दिसत नाही. म्हणून विद्यापीठाचं खातं आल्या आल्या सुरू करा, ३० सप्टेंबरच्या रात्रीसाठी ठेवू नका. १ ऑक्टोबरला सगळेच एकदम लॉगिन करतात.

पुढच्या तीन गोष्टी सांभाळल्या तर त्रास होत नाही.

गाडीत चढण्याआधी तिकीट फोनवर उघडून बघा. स्टेशनच्या तळघरात नेटवर्क नसतं, आणि तपासनीस समोर उभा असताना ॲप ‘अपडेट करा’ म्हणतं. तिकीट बहुतेक ठिकाणी एका वेळी एकाच फोनवर चालतं. फोन बदलायचा असेल तर जुन्यावरून आधी काढा. स्क्रीनशॉट धरत नाहीत.

तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी जुळलं पाहिजे. आपल्याकडे पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात बऱ्याचदा वडिलांचंही नाव असतं. अर्ज भरताना कुणी ते गाळतं, कुणी वडिलांचं नाव आडनावाच्या जागी टाकतं, आणि तीच नोंद पुढे विमा, बँक, तिकीट सगळीकडे जाते. आडनाव किंवा जन्मतारीख चुकली असेल, तर विद्यार्थी कार्यालयाकडून लगेच दुरुस्त करून घ्या.

जवळ मूळ फोटो ओळखपत्र हवं. निवासी परवान्याचं कार्ड हाती यायला आठवडे किंवा महिने लागतात, तोवर पासपोर्टच बरोबर बाळगा. त्याचा फोनमधला फोटो चालेल या भरवशावर राहू नका.

कोणत्या गाडीत चालतं

बस, ट्राम, ऊ-बान म्हणजे मेट्रो, एस-बान म्हणजे लोकल, आरबी आणि आरई म्हणजे प्रादेशिक गाड्या, या सगळ्यांत चालतं, अगदी हांबुर्गच्या बंदरातल्या फेरीबोटीतसुद्धा. गाडी खासगी कंपनीची असली तरी ती प्रादेशिक सेवा असेल तर चालतं. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्या आणि फ्लिक्सट्रेन, फ्लिक्सबस या खासगी सेवा यांत चालत नाही. प्लॅटफॉर्मवर आयसी आणि आरई एकाच दिशेला दहा मिनिटांच्या अंतराने लागतात आणि घाईत चुकीच्या गाडीत बसणं सोपं असतं. जर्मन रेल्वेच्या (डीबीच्या) ‘डीबी नॅव्हिगेटर’ ॲपमध्ये फक्त डॉइचलांड-टिकेट चालणाऱ्या गाड्या दाखवण्याचा पर्याय आहे, तो कायम चालू ठेवा. नाहीतर यादीत आधी आयसीई दिसतात.

पहिला वर्ग, सायकल किंवा बरोबरचा पाहुणा या तिकिटात येत नाही. आईवडील भेटायला आले की त्यांचं तिकीट वेगळं काढा. सीमेपलीकडच्या काही स्टेशनांपर्यंत मात्र ते चालतं, उदाहरणार्थ प्रादेशिक गाडीने ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गपर्यंत.

शहराबाहेर फिरताना वेळेचा हिशोब मार्गाप्रमाणे बदलतो. कोलोन ते ड्युसेलडोर्फ आरईने अर्ध्या तासाच्या आसपास लागतो, तिथे आयसीईला जास्तीचे पैसे देण्यात अर्थ नाही. म्युनिक ते न्यूर्नबेर्ग इंगोलश्टाटमार्गे जाणारी आरई जलदगती मार्गावरूनच धावते, त्यामुळे तीही चांगली. देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला मात्र प्रादेशिक गाड्यांनी अख्खा दिवस मोडतो आणि एक गाडी चुकली की पुढचं सगळं कोलमडतं. अशा प्रवासाला आयसीईचं तिकीट आधी काढून ठेवा. सत्तावीसच्या आतल्यांना ‘माय बानकार्ड २५’ स्वस्तात मिळतं, आणि त्यावर आयसीईच्या भाड्यात पंचवीस टक्के सूट. तेही दर वर्षी आपोआप चालू राहतं. नको असेल तर मुदत संपायच्या चार आठवडे आधी रद्द करावं लागतं. पुढच्या वर्षीच्या तारखेची आठवण कार्ड घेतानाच फोनवर लावून ठेवा.

आणखी एक. सेमिस्टर तिकिटावर आरईने निघालात, तिला उशीर झाला आणि पुढची स्वस्तातली आयसीई चुकली, तर रेल्वे त्याची जबाबदारी घेत नाही. दोन्ही तिकिटं स्वतंत्र धरली जातात. जोडगाडी पकडायची असेल तर एक आरई आधीची घ्या.

तपासनीस

स्टेशनांवर फाटकं नाहीत, कुणी अडवत नाही. त्यामुळे ‘इथे कुणी तपासतच नाही’ असं आठवडाभरात वाटायला लागतं. तपासनीस बऱ्याचदा साध्या कपड्यांत असतात आणि दारं बंद झाल्यावरच ओळखपत्र दाखवतात. विनातिकीट सापडलात तर ६० युरो. भाषा येत नाही, कालच आलो, यंत्र बंद होतं, ही उत्तरं त्यांनी रोज ऐकलेली असतात. वाद घालू नका. त्यांनी दिलेला कागद घ्या.

तिकीट वैध होतं, पण फोन बंद पडला किंवा पासपोर्ट घरी राहिला, तर त्या कागदावरच्या कंपनीच्या कार्यालयात आठवड्याच्या आत तिकीट दाखवा. साधारण ७ युरो शुल्कावर भागतं. हे काम विसरलात तर पूर्ण ६० युरो आणि वर वसुलीचा खर्च लागतो. जाणूनबुजून भाडं चुकवणं हा जर्मन दंडसंहितेच्या २६५अ कलमाखाली गुन्हा आहे. सारखं सापडल्यास तक्रार होते आणि व्हिसा वाढवताना तो कागद पुढे येऊ शकतो. २२६ युरोंचा पास थोड्याच दिवसांत सुरू होणार असताना पहिल्या दोन आठवड्यांतले चार-पाच युरो वाचवण्यासाठी ही जोखीम घेऊ नये.

तुमच्या विद्यापीठात तिकीट नसेल तर

बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात, विद्यार्थ्यांसाठी सवलतीचं डॉइचलांड-टिकेट वेगळं मिळतं. ते फीमध्ये नसतं, स्वतः घ्यावं लागतं आणि त्यासाठी विद्यार्थी असल्याचा पुरावा ऑनलाइन द्यावा लागतो. म्युनिकला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, कारण तिथे सेमिस्टर फी कमी दिसते म्हणून मुलं खूश होतात आणि नंतर पासचा खर्च वेगळा निघतो. बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये, म्हणजे श्टुटगार्ट, कार्ल्सरूहे या भागात, तरुणांसाठी ‘युगेंड-बीडब्ल्यू’ नावाचं तिकीट आहे. विद्यार्थ्यांना ते २७ वर्षांखाली असेपर्यंतच मिळतं. आपल्याकडे नोकरी करून मग मास्टर्सला येणारे बरेच जण या वयाच्या पुढे गेलेले असतात, त्यांनी गृहीत धरू नये. यांपैकी काहीच लागू नसेल, तर फेरबुंडच्या संकेतस्थळावर ‘आउसबिल्डुंग’ (प्रशिक्षण) किंवा ‘श्टुडिअरेंडे’ (विद्यार्थी) या शब्दांखाली मासिक पास शोधा. रोज एकाच मार्गाने जात असाल तर तो डॉइचलांड-टिकेटपेक्षा स्वस्त पडू शकतो.

पैसे परत कधी मिळतात

परदेशात सेमिस्टर करत असाल, मान्य केलेली सुट्टी घेतली असेल किंवा प्रबंधासाठी दूर राहत असाल, तर तिकिटाची रक्कम परत मागता येते. अर्ज ‘आस्टा’कडे करायचा असतो आणि त्याची मुदत बऱ्याच ठिकाणी सेमिस्टरच्या सुरुवातीच्या आठवड्यांतच संपते. कोणती कारणं धरतात ते विद्यापीठानुसार बदलतं. ‘मी सायकलने जातो’ हे कारण कुठेच चालत नाही.

पुढच्या सेमिस्टरची फी वेळेत भरणं म्हणजे ‘र्‍युकमेल्डुंग’. ही मुदत सेमिस्टर संपायच्या बऱ्याच आधी असते. उशीर झाला तर विलंबशुल्क लागतं आणि १ एप्रिल किंवा १ ऑक्टोबरला तिकीट सुरू होत नाही. प्रबंध मध्येच पूर्ण होऊन नाव काढलं, तर तिकीटही त्याबरोबर बंद होतं. म्हणून शेवटच्या सेमिस्टरला नाव काढण्याची तारीख नीट ठरवा, आणि नोकरी लागलीच असेल तर कंपनी ‘जॉबटिकेट’ म्हणजे नोकरदारांसाठीचा सवलतीचा पास देते का, ते करारावर सही करण्याआधी विचारून घ्या.